चौथ्या सवारीचा खुलासा

डोंबिवली पूर्व,
चैत्र वद्य पंचमी

गुणाजीरावांना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजूनही नवऱ्याचाच, विधुराचा नव्हे) कोपरापासून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल लावता की शेजारच्या बायजेला देऊन टाकलंत? पोफळीला यंदा पाणी पुरतंय ना? सौ. मीराबाई वहिनींना नमस्कार सांगावा. (त्यात कलावतीचाही आहे असं समजावं. ती तसं म्हणालेली नाही. पण वहिनींचं नाव मी मोठ्याने उच्चारून लिहिलं तेव्हा तिने हरकत घेतली नाही, आणि त्या फणसपोळीच्या बरणीवरून झालेल्या भांडणानंतर हरकत न घेणं हेच पुष्कळ झालं.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. 'दोघं' हा शब्द मी मुद्दाम गिरवून जाड केला आहे, कृपया उजेडात धरून पाहावा. आत्ता या घडीला आपली बहीण माझ्यासमोर पाटावर बसून वाल सोलते आहे, आणि वाल सोलायला लागू नयेत म्हणूनच मी पत्र लिहायला बसलो असं तिचं म्हणणं आहे. मेलेलं माणूस असलं काही बोलत नाही.

पत्र लिहायचं कारण, आपण माझा फोन उचलत नाही. आपल्या भाच्याचा, महेंद्राचाही उचलत नाही. कलावतीने स्वतः लावला तेव्हा 'आमच्यासाठी मेली ती मेली' एवढं बोलून आपण तो ठेवलात. त्यानंतर समीक्षाच्या लग्नाच्या पत्रिका सुटल्या. कल्याणला माझ्या पुतणीकडे, रुचिताकडे आली. वागळे इस्टेटीत मी नोकरीला होतो तेव्हा जिथे जेवायचो त्या खानावळवाल्याला आली, कारण तो आपल्या गावचा. आमच्या जिन्याखालच्या पेटीत मात्र आली नाही. समीक्षा आपली नात. बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते कलावतीने, कारण पाळण्याशी उभी राहायला तिला सख्खी आत्या नव्हती. पत्रिकेबद्दल कलावती एक अक्षर बोललेली नाही. ती फक्त रोज दुपारी जिना उतरून पेटी बघून येते आणि वर आल्यावर म्हणते, 'दिव्याचं बिल आलं नाही अजून.' दिव्याचं बिल येऊन भरूनही झालं, हे तिला सांगायची माझी छाती होत नाही.

आपला राग कलावती बुडाल्याच्या खोट्या बातमीवर नाही, हे मी ओळखून आहे. राग आहे तो माझ्या तोंडच्या वाक्यावर. ते वाक्य मी बोललो, हे कबूल. पण ते कुणाबद्दल बोललो, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. तेवढं सांगायला बसलो आहे. थोडं मागून सुरू करतो. (आपण वहिनींना म्हणाल, हा नेहमीच मागून सुरू करतो.)

कल्याणला आमची शाळा खाडीपासून लांब नव्हती. भरतीचा वारा सुटला की वर्गात ओल्या चिखलाचा वास यायचा, आणि नेमका त्याच वेळी कवितेचा तास असायचा. गुरुजी डोळे मिटून चालीवर म्हणायचे, आम्ही डोळे उघडे ठेवून मागून म्हणायचो. त्यात एक समुद्राची कविता होती. कवी किनाऱ्यावर उभा राहून समुद्राला विचारतो की बाबा रे, तुझ्या पोटात काय आहे ते मला एकदा दाखव. कडव्यामागून कडवी तो विचारतच राहतो. शेवटच्या कडव्यात समुद्र उत्तर देतो, असं गुरुजी सांगायचे. पण माझं पुस्तक जुनं घेतलेलं, त्यात नेमकं ते पान नव्हतं. (आधीच्या मालकाने त्याची होडी करून खाडीत सोडली असावी, असं मला तेव्हा वाटे, आणि त्याचा रागही येत नसे.) पुढे गुरुजी गेले, पुस्तक गेलं, शाळेची इमारतही बदलली. मी वागळे इस्टेटीत स्टोअरला लागलो, नट-बोल्ट मोजत म्हातारा झालो. पण ते उत्तर नसलेलं कडवं माझ्या डोक्यात तसंच राहिलं. भांडी घासताना नळ जोरात सुटला तरी मला ती चाल आठवते. कलावतीला हे ठाऊक आहे. म्हणून मी भांडी घासायला लागलो की ती नळ बंद करते.

तर माघात महेंद्राने ठरवलं की आई-बाबांना अंदमान दाखवायचं. तो आणि सूनबाई रचना कोळशेतच्या उंच टॉवरात राहतात, खिडकीतून खाडी दिसते, तरी त्यांना आणखी पाणी बघायचं होतं. तिथल्या एका बेटाजवळ म्हणे होडीतून आत जायचं, डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवायचा, तोंडात नळी धरायची आणि पालथं तरंगत समुद्राचा तळ बघायचा. गुणाजीराव, विचार करा. एवढ्या वर्षांनी समुद्र पोट दाखवायला तयार झाला होता! महेंद्र म्हणाला, 'बाबा, शेअरिंगची बोट घेऊ, सगळे तीच घेतात.' मी म्हटलं, मुळीच नाही. शेअरिंगच्या बोटीत गाणी लावतात, माणसं वेफर्स खातात. समुद्र एवढ्या मुश्किलीने बोलायला लागला आणि ऐकू आलं नाही तर? मी म्हटलं, प्रायव्हेट बोट घ्यायची, आणि ती मी ठरवणार. रचनाने महेंद्राकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला आता कळतो.

कलावतीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ती विमानात बसेल, हॉटेलात झोपेल, पण होडीत पाय ठेवणार नाही. आपलं आणि तिचं बालपण समुद्राच्या काठी गेलं. समुद्र लांबून बघायचा असतो, त्याच्या घरात शिरायचं नसतं, असं तिचं मत. म्हणजे होडीत आम्ही तिघं उरलो, आणि इथेच सगळं बिघडलं. तिघांनी मिळून कुठे निघायचं नाही, ही आपल्याही घरातली रीत आणि आमच्याही. निघावंच लागलं तर खिशात सुपारी टाकायची, ती चौथी. महेंद्र लहान असताना आम्हा तिघांना एस्टीत बसवून देताना आपणच माझ्या हातावर सुपारी ठेवली होतीत, आठवतं? शिवाय बायको हजर नसली तर पूजेला नवऱ्याशेजारी सुपारी मांडतात. तेवढ्यापुरती ती सुपारी म्हणजे बायकोच. हे शास्त्र आहे, माझ्या डोक्यातलं नाही.

मी गॅलरीत उभा राहून (आत रेंज जाते) त्या बेटावरच्या बुकिंगवाल्याला फोन लावला. आवाज फार अदबीचा. त्याने विचारलं, कितने लोग? मी म्हटलं, तीन, और एक सुपारी. तो म्हणाला, 'सर, सुपारी-गुटखा नाव में मना है, समुंदर गंदा होता है.' मी त्याला माझ्या हिंदीत रीत समजावून सांगितली. त्याने ती ऐकून घेतली. मग म्हणाला, 'ठीक है सर, चार लिखता हूँ. चौथे का नाम बोलिए.' आता सुपारीला नाव काय सांगणार? जिच्या जागी ती होती तिचंच सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. बीपी, शुगर काही? सुपारीला कुठलं बीपी, म्हणून नाही म्हटलं. पोहता येतं का? मी म्हटलं, देखना पड़ेगा. मग त्याने विचारलं, काही बरंवाईट झालं तर कळवायला बरोबर नसलेल्या कुणाचा तरी नंबर द्या. माझ्या ओळखीतला सगळ्यात भरवशाचा माणूस कोण, असा मनाशी विचार केला आणि आपला नंबर दिला. यात आपला मानच होता, हे लक्षात घ्यावं. फोन ठेवला तेव्हा समोरच्या गॅलरीतले जोशीबुवा कपडे वाळत घालायचे सोडून माझ्याकडे बघत होते.

बेटावर त्या सकाळी समुद्र असा निळा होता की मला शाळेच्या शाईची दौत आठवली. कलावती आम्हाला पोचवायला जेटीपर्यंत आली, हातात लाडवांचा डबा. रांगेत माझ्या मागे उभी राहून तिने नावाड्याला (निताई त्याचं नाव, बंगाली, सज्जन माणूस) 'हळू ने रे बाबा' असं मराठीतच बजावलं आणि त्याला ते कळलं. जाकिटं वाटणारा माणूस रांगेतल्या प्रत्येकाच्या गळ्यात केशरी जाकीट अडकवत येत होता. त्याने तिच्याही अडकवलं. तिने काढलं नाही. म्हणाली, वारा आहे, बरं वाटतंय. तेवढ्यात जेटीवरचे साहेब हातात कागद घेऊन आले, बोटाने डोकी मोजली, चार भरली, चार खुणा केल्या आणि पुढच्या होडीकडे गेले. कलावतीने डबा रचनाच्या हातात दिला आणि जाकिटासकट माघारी वळली. तिला कुणी अडवलं नाही. तिला अडवायचा धीर माणसांना सहसा होत नाही, हे आपण लहानपणापासून जाणता.

होडी निघाली. मी पुढे टोकाला बसून वाटभर बोलत होतो. बघ, हे पाणी कसं हिरवं झालं. बघ, तळ दिसायला लागला. (माझी सवय आपल्याला ठाऊक आहे. मी तिच्याकडे न बघताच तिच्याशी बोलतो, लग्न झालं तेव्हापासून. ती कुठेतरी मागे असतेच.) मागे खरं तर रचना होती, आणि तिला बोट लागली होती. महेंद्र तिची पाठ चोळत होता. निताईने होडी थांबवली. मी चष्मा काढून महेंद्राकडे दिला, मग कवळी काढली, कारण ती नळी दातांत धरायची असते आणि माझे दात स्वतःच कशाने तरी धरलेले असतात. कवळी ठेवायला खिशातला बटवा उघडला आणि त्यातली सुपारी घरंगळली, होडीच्या कडेवर एकदा टप्पा खाल्ला आणि गेली. पाण्यावर एक लहानसं वर्तुळ उमटलं, मिटलं. मला काही वाटलं नाही. उलट म्हटलं, समुद्राच्या पुढ्यात सुपारी पोचली, आता तो बोलेल.

आणि मग मी पालथा झालो. काय सांगू? पिवळे मासे होते, चपटे, पोरांनी पतंगाच्या कागदाचे कापून सोडल्यासारखे. निळ्यांची एक रांग माझ्या पोटाखालून प्रार्थनेला निघाल्यासारखी गेली. एक मोठा मासा आमच्या हेडमास्तरांसारखा गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिला आणि मी काहीच येत नसल्यासारखी नजर चुकवली. कानात पाणी, जगाचा आवाज बंद. ती चाल मात्र आतून स्पष्ट ऐकू येत होती, न वाचलेल्या कडव्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबणारी. वर आलो तेव्हा मी या जगात नव्हतो. परतीच्या वाटेवर कवळी बसवली, चष्मा मात्र मागायचा राहिला. आणि मला तो नकोच होता, कारण सगळं पुसट निळं दिसत होतं तेच बरं होतं.

जेटीला लागलो. रचनाला धड उभं राहवत नव्हतं, महेंद्र तिला घेऊन तडक लिंबूपाण्याच्या टपरीकडे गेला. मी एकटाच मागून चढलो. साहेबांनी डोकी मोजली आणि कागदाकडे पाहिलं. निताई म्हणाला, साहेब, माझ्या होडीत तीनच होती. साहेब म्हणाले, 'तू चुप. चार मैंने ख़ुद गिने हैं, चार जैकेट गए हैं.' मग माझ्याकडे वळून विचारलं, 'चौथी सवारी किधर है?'

चौथी! मला हसूच आलं. मी म्हटलं, 'वो तो पानी में गिर गई.'

पुढलं संभाषण जसं झालं तसं लिहितो, कारण यातूनच आपल्यापर्यंत ते वाक्य पोचलं.

'गिर गई? कब?'

'मैंने दाँत निकाले ना, तभी फिसल गई.'

'और आपने नाव नहीं रुकवाई?'

'इतनी सी बात के लिए नाव क्या रोकना? बेचारी का काम हो गया था.'

'आपको कुछ लग नहीं रहा?'

'लगना क्या है साहब? बाज़ार में दूसरी मिल जाएगी. घर में भी दो-तीन पड़ी हैं. मेरे साले साहब हर साल भेजते हैं.'

गुणाजीराव, आता शांतपणे बघा. दर वर्षी आपल्या बागेतली रोठा सुपारी आम्हाला कोण पाठवतं? आपणच. बटव्यातली ती सुपारी कुठली होती? आपल्याच पोफळीची. आत्ताही फडताळात त्यातल्या दोन-तीन पडलेल्या आहेत, येऊन मोजा. माझ्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त साहेबांच्या हातातल्या कागदावर त्या सुपारीचं नाव कलावती होतं, आणि हे मी त्या निळ्या तंद्रीत साफ विसरलो होतो. साहेबांचा चेहरा मला दिसला असता तरी उमगलं असतं. पण चष्मा महेंद्राकडे.

साहेबांनी शिट्टी फुंकली. जेटीवर लाल निशाण चढलं. किनाऱ्याकडे येणाऱ्या दोन होड्या आल्या पावली वळल्या. एकाने साहेबांच्या सांगण्यावरून कागदावरच्या नंबरवर, म्हणजे आपल्याला, फोन लावला. त्याने आपल्याला काय काय सांगितलं ते मी आजही कल्पनेत आणू शकत नाही. मी अजून मजेत होतो. मग साहेब वॉकीटॉकीत बोलले ते मला ऐकू आलं: बुज़ुर्ग औरत, नाम कलावती, नीली साड़ी, ऑरेंज जैकेट.

मी म्हटलं, 'नहीं नहीं साहब, वो सुपारी थी.' साहेबांनी मला खांद्याला धरून बाकावर बसवलं, कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. धक्क्याने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं ते हळू आवाजात म्हणाले. मी म्हटलं, ती आलीच नव्हती. साहेबांनी कागद माझ्या नाकापुढे धरला. चार खुणा होत्या. तेवढ्या जवळून चष्म्याशिवायही दिसत होत्या. 'मैंने अपनी आँख से गिना. आपके पीछे खड़ी थी. नीली साड़ी.'

निळी साडी खरी होती. जाकीट खरं होतं. माझ्या मागे उभी होती, हेही खरं. ती माघारी वळली हे मी पाहिलं होतं का? रचनाने पाहिलं असेल. मी तोवर होडीकडे तोंड करून पाण्याचा रंग बघत होतो. ती वळली हे मला माहीत होतं, कारण तसं ठरलं होतं. पण विषय काढला असता कुणी, आग्रह केला असता निताईने, आणि ती आयत्या वेळी 'बरं, चला' म्हणून मागे चढून बसली असती तर? वाटभर मी बोलत होतो. कुणाशी? तिने उत्तर दिलं नाही. पण ती एरवी तरी कुठे देते? मी निताईकडे पाहिलं. तो इतका वेळ तीन तीन म्हणत होता. आता डोकं हातांत धरून बसला होता आणि त्यालाही खात्री वाटेनाशी झाली होती. महेंद्र दिसत नव्हता. किनाऱ्यावर माणसं धावत होती, मला नुसते रंग धावताना दिसत होते, आणि त्यात कुठेही केशरी नव्हता.

मी उठून पाण्यात शिरलो. चपलांसकट. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मला पोहता येत नाही हे आपण जाणता. शाळेतल्या त्या बाकापासून आजवर ज्याच्या मागे लागलो होतो, पोटात काय आहे ते दाखव म्हणून, त्याला मी पहिल्यांदाच म्हणालो, काही दाखवू नकोस बाबा. माझ्या पुस्तकात पान नव्हतं, तेच बरं होतं. नको मला उत्तर. निताई मागून ओरडत पाण्यात उतरला आणि माझ्या सदऱ्याला धरून ओढायला लागला. त्याची ओढ आणि लाटेची ओढ, मी मधे.

तेवढ्यात वाळूवरच्या गर्दीतून आवाज आला, 'अहो! कुठे निघालात? चपला तरी काढा!'

माडाखाली जाकिटाची उशी करून ती निवांत झोपली होती. शिट्टीने जाग आली, गर्दी दिसली, म्हणून उठून तिथे जाऊन उभी राहिली. कुणाची तरी म्हातारी बुडाली असं ऐकून तिने डोळ्यांना पदर लावला, शेजारच्या बाईला धरून थोडं रडून घेतलं, आणि 'म्हातारीला एकटं टाकून नवरा मेला मासे बघत होता' असं ऐकलं तेव्हा त्या नवऱ्याला मराठीत जे म्हणायचं ते सगळं म्हणून झालं. मग पाण्यात मी दिसलो. मी बाहेर आलो आणि तिचा हात धरला. चारचौघांत, साहेबांसमोर, निताईसमोर. मी तिच्याकडे पाहिलं, गुणाजीराव. चष्मा नव्हता तरी पाहिलं. ती म्हणाली, 'सोडा, लोक बघतायत. कुणाची तरी बाई गेली आणि तुमचं काय चाललंय?' साहेबांनी तिचं नाव विचारलं. तिने ठसक्यात सांगितलं, आणि साहेब वाळूतच बसले.

आपल्याला लगेच कळवायचं होतं. पण तो एक फोन लागला आणि बेटावरची रेंज गेली. ती संध्याकाळी आली. तोवर आपलं अंगण माणसांनी भरलं होतं, आपण आंघोळ करून ओल्या अंगाने बसला होतात, आणि मेलेल्या बहिणीने फोनवर विचारलं, 'दादा, आवाज का बसलाय तुझा?' त्यावर आपण काय बोललात ते मी वर लिहिलंच आहे. आपल्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. फक्त एक आठवण देतो. आपल्या काकूंच्या डोक्याला कावळा शिवला तेव्हा घरच्यांनीच नातेवाइकांना काकू गेल्याचा खोटा निरोप धाडला होता, चार माणसं रडली म्हणजे टळतं म्हणून. आणि काकू पुढे नातसून बघून गेल्या. त्या हिशेबाने आपल्या अंगणात त्या दिवशी जेवढी माणसं रडली तेवढं कलावतीचं आयुष्य वाढलं. ते आपण वाढवलंत. आता वाढवलेल्या आयुष्यात तिने माहेरी यायचं नाही, हे कसं?

वाल सोलून होत आले आहेत, म्हणून थांबतो. गुडघ्याला तेल लावावं. लहानांना आशीर्वाद. चूकभूल माझी, आणि माणूस आपलं, असं समजून या कागदावर राग काढावा. कागद परत पाठवला तरी चालेल, त्यावर आपलं अक्षर तरी असेल.

आपला,
पंढरी

ता.क. : पत्रिकेसाठी हे पत्र लिहिलं असा समज करून घेऊ नये. तरी पत्ता तोच आहे, जिन्याखालची पेटीही तीच. फक्त तिचं झाकण कलावतीने उघडून उघडून सैल झालं आहे, तेव्हा पत्रिका जाड असेल तर पोस्टमनला वर आणून द्यायला सांगावं.

पुन्हा ता.क. : त्या बुकिंगवाल्याचा परवा फोन आला. झाल्या प्रकाराचं त्याला फार वाईट वाटलं. पुन्हा या, होडी माझ्यातर्फे, म्हणाला. मी दिवाळीनंतरची ठरवून टाकली. किती माणसं, त्याने जरा घाबरतच विचारलं. मी म्हटलं चार: मी, कलावती, आपण आणि मीराबाई वहिनी. चारही खरी माणसं आहेत, सुपारी लागणार नाही. कलावती म्हणते ती किनाऱ्यावरच बसणार. मग आपण तिघंच उरतो, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. बघू.

आणखी (हे कलावतीने स्वतः लिहिलं आहे, मी वाचू नये असं बजावून) :

दादा, ह्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं तेवढं सगळं खरं आहे, मी वाल सोलताना ऐकलं. तू फोनवर बोललास त्याचा मला राग नाही. तू असं बोलतोस तेव्हा तुझे डोळे भरलेले असतात, ते मला लहानपणापासून माहीत आहे. मला एकच विचारायचंय. बायजेचा फोन आला होता, ती म्हणाली की मी गेल्याचं कळल्यावर मीराबाई वहिनी ऊर बडवून रडली, आणि माझी ती फणसपोळीची बरणी मांडीवर घेऊन दिवसभर बसून होती, कुणाला हात लावू देईना. बायजा वाढवून सांगते, म्हणून तुला विचारते. वहिनी खरंच रडली का? रडली असेल तर पत्रिका पाठवू नकोस, वायफळ खर्च आहे, मी हळदीच्या आधी चार दिवस येऊन राहते. नसेल रडली, तर मात्र रीतसर पत्रिका पाठव, आणि पाकिटावर नाव तिच्या हातचं घाल.